जुन्या संगणकाचे चित्र नव्या पडद्यावर

(हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या जुन्या संगणकाच्या दालनाचे उद्घाटन झाले, त्या प्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



या वर्षी आपली अभ्यास सहल तमिळनाडूत गेली होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातला, सरफोजीराजांनी 1803 साली कोरवून घेतलेला मराठी शिलालेख मुलांनी बोटाने अक्षरे लावत वाचला. तेथून आम्ही कुंभकोणमला गेलो. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म 1828 साली याच गावी, एका तंजावरी मराठी कुटुंबात झाला. मुलांना मात्र ओढ होती ती सारंगपाणी सन्निधी मार्गावरील एका लहानशा घराची. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण त्या घरात गेले.

रामानुजन पाटीवर गणिते सोडवीत. कागद महाग होता. पाटी भरली की कोपराने पुसायची आणि हाती आलेले सूत्र तेवढे वहीत उतरवायचे, अशी त्यांची रीत. पाटीवरचे सारे गेले, वह्या राहिल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1957 साली त्या वह्यांच्या प्रतिकृती दोन खंडांत छापल्या, म्हणून त्या जगभरच्या अभ्यासकांच्या हाती पडल्या. आजच्या प्रसंगाशी याचा संबंध काय, असे आपल्याला वाटेल. तोच सांगण्यासाठी मी उभी आहे.

1984-85 मध्ये केंद्र शासनाने शाळांत संगणक साक्षरतेची ‘क्लास’ योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात देशातील सुमारे 250 शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक देण्यात आले. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते 1981 मध्ये बाजारात आणले होते. त्यांची स्मृती अवघी 32 किलोबाइट. आपल्या शाळेतही तसा एक संगणक आला. पुढे नवे संगणक आले, जुना मॉनिटर बंद पडून भंगारात गेला आणि कळफलकासह ते यंत्र प्रयोगशाळेच्या कपाटात राहिले. सोबत फ्लॉपींचा एक डबा होता. गेल्या वर्षी निर्लेखनाच्या यादीत त्याचे नाव आले. पडदा नाही, म्हणजे यंत्र निकामी, असा शेरा त्यापुढे होता. मी स्वाक्षरी राखून ठेवली आणि विज्ञान मंडळाच्या मुलांना एकच प्रश्न दिला: पडदा नाही, हे खरे, पण यंत्र चित्र पाठवते आहे का?

पहिली दक्षता विजेची. या संगणकाच्या पॉवर सप्लायमधील जुने फिल्टर कपॅसिटर वयोमानाने फुटतात आणि खोलीभर धूर करतात. टीव्ही दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने ते आधी बदलले, मगच बटण दाबले. मुलांनो, असे काम जाणत्या माणसाखेरीज करायचे नाही. जुन्या काचेच्या मॉनिटरची पाठ तर कधीच उघडायची नाही. वीज बंद केल्यावरही त्यात घातक दाब साठून राहू शकतो.

या संगणकाच्या पाठीमागे चित्राची तीन दारे आहेत: एक टीव्हीच्या अँटेनासाठी, दुसरे कॉम्पोझिट व्हिडिओचे आणि तिसरे लाल, हिरवा, निळा हे रंग वेगवेगळे देणारे आरजीबीचे. मुलांनी दुसरे दार निवडले. गोल बीएनसी जोडणीतून निघालेली तार टीव्हीच्या पिवळ्या एव्ही खाचेत घातली आणि कृष्णधवल चित्र उमटले. या दारातून मूळ रचनेत रंग येतच नाहीत. चाळीस अक्षरांची ओळ नीट वाचता आली, ऐंशी अक्षरांची मात्र अंधुक झाली.

मग आठवीच्या एका मुलीने विचारले, “टीव्हीवर चालते, मग आपल्या संगणक कक्षातल्या मॉनिटरवर का नाही?” उत्तर गणितात आहे. इंग्लंडचे आणि आपले दूरदर्शनचे चित्र 625 रेषांचे, सेकंदाला 25 पूर्ण चित्रे. गुणाकार करा: 15,625. जुना संगणक सेकंदाला इतक्या रेषा पाठवतो. 1987 मध्ये आलेल्या व्हीजीए पद्धतीचा वेग याच्या सुमारे दुप्पट, म्हणजे साडेएकतीस हजारांच्या घरात. त्यानंतरचे बहुतेक मॉनिटर याहून संथ चित्र स्वीकारत नाहीत. म्हणून नुसती तार बदलून भागत नाही, मध्ये दुभाषा लागतो.

दाबाचाही प्रश्न आहे. या संगणकाचे आरजीबी संकेत पाच व्होल्टच्या जातीचे, तर नेहमीच्या व्हिडिओ जोडणीत रंगाचा संकेत 0.7 व्होल्टचा असतो. सरळ जोडले तर नव्या यंत्राला इजा होऊ शकते. या जुन्या यंत्रांच्या चाहत्यांनी ‘आरजीबी-टू-एचडीएमआय’ नावाची एक छोटी जोडपट्टी तयार केली आहे. तिच्यावरील चिप हे संकेत सुरक्षित पातळीवर आणते आणि रास्पबेरी पाय झिरो हा चिमुकला संगणक चित्राचा ठिपकान् ठिपका मोजून एचडीएमआयमधून पुढे पाठवतो. ती जोडली आणि आठही रंगांत स्वच्छ अक्षरे दिसली.

आता त्या फ्लॉपींकडे वळू. काही वाचल्या गेल्या नाहीत. वाचल्या गेलेल्यांपैकी एकीवर 1987 च्या दहावीच्या मुलांनी लिहिलेली आज्ञावली होती. या संगणकाला देवनागरी येत नव्हती. पण त्यात एक सोय होती. आठ आडव्या व आठ उभ्या ठिपक्यांच्या चौकटीत स्वतःचे अक्षर काढायचे आणि प्रत्येक ओळीसाठी एक, असे आठ आकडे यंत्राला द्यायचे. आठही ठिपके पेटले की आकडा होतो 255. आमच्या मुलांच्या यादीत प्रत्येक अक्षराचा पहिला आकडा 255 होता. ती आपली शिरोरेषा! आज्ञावली चालवली तेव्हा पडद्यावर शाळेचे नाव मराठीत उमटले.

पुण्यात सी-डॅकची स्थापना 1988 मध्ये झाली, युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 मध्ये निघाली. आज देवनागरी आपल्या खिशातल्या फोनवर सहज लिहिता येते. तिची वाट न पाहता, मराठी शाळेतल्या मुलांनी चौकटीच्या वहीवर अक्षरे आखून ती यंत्राला शिकवली होती. ही अक्षरे संगणकाच्या स्मृतीत वीज असेपर्यंतच राहत. ती पाटी होती. फ्लॉपी ही वही. वही कपाटात शाबूत होती आणि वाचायला पडदा नव्हता, एवढ्यावरून आपण ती रद्दीत काढणार होतो.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचे रुमाल मुलांनी पाहिले. कागद आहेत, शाई आहे. उणीव आहे ती मोडी वाचणाऱ्यांची. जपणूक म्हणजे वस्तू कुलपात ठेवणे, असे आपण समजतो. वस्तूबरोबर ती वाचण्याचे साधन आणि ज्ञानही पुढच्या पिढीला द्यावे लागते.

म्हणून आजपासून या दालनात तीन गोष्टी एकत्र राहतील: यंत्र, त्याची जोडपट्टी आणि मुलांनी मराठीत लिहिलेली जोडणीची वही. फ्लॉपींतील मजकुराच्या प्रतीही नव्या संगणकावर उतरवून ठेवल्या आहेत. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, यापुढे निर्लेखनाच्या यादीत संगणकीय वस्तू आली, तर तिच्यात काय साठवले आहे हे पाहिल्याशिवाय तिला निरोप देऊ नये. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरची जुनी फ्लॉपी, कॅसेट जरूर आणावी. वाचता आली तर वाचू.

1987 च्या तुकडीतील काही जण आज सभागृहात आहेत. त्यांनी पुढे यावे आणि ते बटण स्वतःच्या हाताने दाबावे. दालन उघडले, असे मी त्यानंतरच म्हणेन.