यांत्रिक गुमास्त्याचें सूचनापत्र

आज ज्या विषयावर बोलण्यासाठीं मी आपणांपुढें आलों आहें, तो दिसावयास अगदींच क्षुल्लक आहे. माझ्या नातवानें घरच्या संगणकावर एक लहानसें अवजार तयार केलें. अनेक पीडीएफ फाइली एकामागून एक जोडून त्यांची एकच फाइल करावयाची, एवढेंच त्याचें काम. घरचे कागद कोणा परक्याच्या यंत्रावर पाठवावे लागत नाहींत, हा त्याचा मुख्य गुण. हें अवजार, हल्लीं ज्याला एआय एजंट म्हणतात, त्या यांत्रिक गुमास्त्याच्या हातीं द्यावयाचें होतें. आणि त्याचें सूचनापत्र मीं लिहावें असें ठरलें. जन्मभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' असें बजावीत आलेल्या मास्तराला त्यांत अवघड तें काय? मीं दोन ओळी लिहून दिल्या : जोडावयाच्या सर्व फाइलींचीं नांवें क्रमानें द्यावीं, शेवटचें नांव तयार होणाऱ्या फाइलीचें समजलें जाईल.

माझ्या आईनें जात्यावरच्या ओव्या स्वतःच्या हातानें बारा वह्यांत उतरून ठेवल्या होत्या. त्यांचीं पानें स्कॅन करून मीं 'वही १' पासून 'वही १२' पर्यंत बारा फाइली केल्या आणि गुमास्त्यास म्हटलें, "या सर्व जोड." काम झालें, असें उत्तर तत्काळ आलें. पाहतों तों नवी फाइल कोठेंच नाहीं! 'वही ९' उघडली, तर तींत आधीं पहिली वही, तिच्यामागें दहावी, अकरावी, बारावी, आणि मग दुसरी. नवव्या वहीचें मात्र एक अक्षरहि नाहीं.

झालें होतें तें असें. यंत्र नांवें लावतें तीं अंकांच्या किंमतीप्रमाणें नव्हे, तर शब्दकोशांतल्याप्रमाणें एकेका चिन्हाच्या क्रमानें. दहा, अकरा, बारा यांचा आरंभ एकानें होतो, म्हणून त्या वह्या दोनाच्या आधीं येतात आणि नऊ सर्वांच्या शेवटीं जाते. गुमास्त्यानें नांवें त्याच क्रमानें दिलीं. नवें नांव कोणीं सांगितलेंच नव्हतें. तेव्हां अवजारानें शेवटचें नांव तयार होणाऱ्या फाइलीचें मानलें आणि जोडलेला सर्व मजकूर 'वही ९' वर लिहून टाकला. माझ्या दोन ओळी दोघांनींहि तंतोतंत पाळल्या होत्या!

नववी वही सर्वांत जीर्ण. पहिल्या वेळीं तिची शिवण उसवावी लागली होती. पुन्हां स्कॅन करूं गेलों, तों दोन पानांचे काठ बोटांत चुरा झाले आणि कित्येक ओव्यांचे शेवट गेले. थोरल्या बहिणीला विचारून कांहीं भरून काढले. बाकीचे तिलाहि आठवेनात.

शाळेच्या शिपायाला मीं हेंच काम सांगितलें असतें, तर त्यानें विचारलें असतें, "मास्तर, वर नांव काय घालूं?" हा गुमास्ता हुशार खरा, पण त्या अवजाराविषयीं त्याला ठाऊक असतें तें आपण लिहून दिलें तेवढेंच, आणि कालची बोलणीं कागदावर उतरलीं नाहींत, तर आज तीं त्याच्या गांवींहि नसतात. नोव्हेंबर २०२४ मध्यें अशा गुमास्त्यांना अवजारें जोडून देण्याची 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नांवाची पद्धति जाहीर झाली. तींतहि अवजाराचें नांव, त्याचें काम व त्याला काय काय पुरवावें, हें शब्दांत सांगावें लागतें.

मागाहून नातवानें मला एक जुनें पान दाखविलें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्स या प्रणालीत 'कॅट' नांवाची फाइली जोडणारी आज्ञा आहे. तिच्या १९७९ च्या सूचनाग्रंथांत 'दोष' असा स्वतंत्र मथळा असून त्याखालीं बजावलें आहे कीं, जोडावयाच्या फाइलीचेंच नांव तयार होणाऱ्या फाइलीस दिलें, तर मूळ फाइल वाचली जाण्यापूर्वींच नष्ट होते. आपल्याच कृतीच्या दोषांना मथळा देण्याची ही चाल मला फार आवडली. शाळेच्या वार्षिक अहवालांत असा मथळा मीं कधीं पाहिला नाहीं!

मग मीं सूचनापत्र नव्यानें लिहिलें. नव्या फाइलीचें नांव सर्वांआधीं व वेगळें द्यावें. त्या नांवाची फाइल आधींच असेल तर थांबून विचारावें. वह्यांना ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक घालावे. जोडण्यापूर्वीं यादी दाखवावी. आणि जोडल्यावर पानांची बेरीज मूळ फाइलींशीं ताडून पाहावी. 'दोष' हा मथळाहि घातला व त्याखालीं नवव्या वहीची हकीकत तीन वाक्यांत दिली. माझीं विशेषणें नातवानें तांबड्या शाईनें खोडलीं, तें मुकाट्यानें सोसलें. पण एवढ्यावर भागत नाहीं, असें मीं त्याला म्हटलें. विहिरीवर पाटी लावल्यानें कठडा होत नाहीं. तेव्हां असलेल्या फाइलीवर लिहिण्याचें अवजारानेंच नाकारावें, अशी दुरुस्ती त्यानें केली.

बाराहि वह्या आतां यथाक्रम जोडल्या आहेत. नवव्या वहींतल्या त्या ओव्यांपुढें जागा कोरी ठेवली आहे. मूळ वह्या लोखंडी पेटींत आहेत, आणि फाइलींची एक प्रत अशा ठिकाणीं ठेवली आहे, जेथें गुमास्त्याचा हात पोंचत नाहीं.