फुलवालीचा आवाज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी एका अभिनेत्रीच्या कारकिर्दीबद्दल बोलणार आहे. भक्ती बर्वे हे त्यांचं नाव. त्यांचा जन्म १९४८चा, सांगलीचा. १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, भाताण बोगद्याजवळच्या अपघातात त्या गेल्या. वय अवघं बावन्न. मी नाटकाचा समीक्षक नाही. यवतमाळचा एक कवी आहे. कवीचं सारं कामकाज शब्द आणि उच्चार यांच्याशी. म्हणून मी त्यांच्या कारकिर्दीकडे त्यांच्या आवाजाच्या वाटेनं जाणार आहे. तुम्हीही मला आत्ता फक्त आवाजानंच ओळखता आहात, तेव्हा ही वाट आपल्या दोघांच्याही सोयीची.

भक्तीताईंची सुरुवात बालनाट्यातून झाली. सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’मध्ये त्या लहानपणी कामं करत. पुढे आकाशवाणीवर निवेदिका झाल्या. १९७२मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा सुरुवातीच्या काळात मराठी बातम्या देणाऱ्यांत त्या होत्या. आता बातम्या वाचणं आणि नाटक करणं ही दोन अगदी उलट कामं आहेत. बातम्या देताना स्वतःला मागं ठेवायचं असतं. आनंदाची बातमी असो की अपघाताची, आवाज पाण्यासारखा स्वच्छ हवा. शब्द नीट पोचला की झालं. नाटकात मात्र शब्दाच्या आतलं माणूस पोचावं लागतं. भक्तीताईंनी ही दोन्ही कामं केली. एकाच गळ्यात त्यांनी वृत्तनिवेदिका आणि नटी अशा दोघींना नांदवलं.

१९७५ साली पु. ल. देशपांडे यांचं ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आलं आणि भक्ती बर्वे हे नाव घरोघरी पोचलं. हे नाटक मूळचं जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं, ‘पिग्मॅलियन’ नावाचं. शॉ आयर्लंडचे, डब्लिनमध्ये जन्मलेले. हयात इंग्लंडमध्ये गेली, पण इंग्रजांच्या इंग्रजीकडे बाहेरून बघण्याची नजर त्यांच्याकडे होती. तोंड उघडताच इंग्रज माणसाची जात-पात कळते, हे त्यांनी हेरलं आणि त्यावर नाटक रचलं. उच्चारशास्त्राचा एक प्राध्यापक पैज लावतो, की या गावंढळ बोलीच्या फुलवालीला मी काही महिन्यांत उच्चभ्रू बाईसारखं बोलायला शिकवीन. १९१४मध्ये लंडनला हे नाटक झालं, तेव्हा फुलवालीचं काम मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांनी केलं. त्या वेळी त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या, म्हणजे पोरसवदा फुलवालीचं काम वयानं नाही, आवाजानं पेलायचं असतं.

पुढे याच गोष्टीवरून ‘माय फेअर लेडी’ हा चित्रपट निघाला, १९६४ साली. त्यात ऑड्री हेपबर्न दिसते सुंदर, पण तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात आहेत. गंमत बघा, गोष्ट आहे एका बाईच्या आवाजाची आणि पडद्यावर तो आवाजच उसना! रंगभूमीवर अशी सोय नसते. तिथे जो आहे तो आपलाच गळा.

पुलंनी या फुलवालीला मराठीत आणलं तेव्हा नुसतं भाषांतर केलं नाही. लंडनचा रस्ता गेला, मुंबईचा आला. ती मंजुळा झाली, प्राध्यापक अशोक जहागीरदार झाला. ते काम सतीश दुभाषी करत. आता अडचण लक्षात घ्या. प्राध्यापकाला जी मराठी शिकवायची होती, ती भक्तीताईंना रोजच्या सरावाची होती. त्याच मराठीत त्या बातम्या देत. म्हणजे मंजुळा ज्या जिन्यानं धापा टाकत वर चढते, तो जिना भक्तीताईंना आधी खाली उतरायचा होता. वर चढताना पडलं तर लोक हसतात. खाली उतरताना पडलं तर लोकांना ती टिंगल वाटते. सुशिक्षित माणूस अडाण्याची नक्कल करतो तेव्हा त्यात बहुधा एक बारीकसा तुच्छतेचा सूर लागतो. आपल्या विनोदी नाटकांत, सिनेमांत तो आपण किती ऐकलाय! वऱ्हाडी बोलणारा दिसला की तो गडी असणार किंवा वेंधळा असणार, हे ठरलेलंच.

भक्तीताईंच्या मंजुळेत तो सूर नाही. त्या प्रयोगातल्या स्वगताचं चित्रीकरण आज मोबाइलवरही बघायला मिळतं. मास्तरनं अपमान केल्यावर मंजुळा एकटीच उभी राहते आणि याला कसा धडा शिकवीन याचं चित्र रंगवत जाते. प्रेक्षक हसतात, पण कोणाला हसतात ते ऐकावं. सुरुवातीचं हसू मंजुळेच्या बोलीला असतं. हळूहळू ते हसू वळतं आणि मास्तरच्या अंगावर जातं. हे वळवण्याचं काम आवाजानं होतं. तिच्या रागात पोरकटपणा आहे, लाड आहे, आणि तळाशी एक जखम आहे. या तीन गोष्टी एका दमात ऐकू येतात. त्यामुळेच महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत हे स्वगत इतकी वर्षं होत आलंय. पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा अभिनेत्रींनी मंजुळा केली. प्रत्येकीला भक्तीताईंचा आवाज कानाआड करूनच उभं राहावं लागलं असणार.

मी या नाटकाकडे एवढा का ओढला गेलो, ते सांगतो. आमच्या घरात उर्दू होती, पण ती लखनौची नव्हे. ‘मेरेकू-तेरेकू’ची. अंगणात वऱ्हाडी होती. तिथं डोळ्याचा ‘डोया’ होतो, काळ्याचा ‘काया’ आणि पाण्याचं ‘पानी’. शाळेत पुस्तकातली मराठी होती. तीन भाषांच्या तीन चपला, आणि कोणत्या दारात कोणती काढायची हे पोराला आपोआप कळायचं. पुढे मी मराठीत कविता लिहू लागलो. कार्यक्रमानंतर लोक जवळ येत आणि फार प्रेमानं म्हणत, “तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!” हे वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकतोय. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण शेजारी बसलेल्या कवीला कोणी असं म्हणत नाही. त्याचं मराठी शुद्ध असणारच, हे गृहीत असतं. माझ्या बाबतीत मात्र प्राध्यापकानं पैज जिंकलेली असते! मग मला वाटतं, शेख महंमदांपासून शाहीर अमर शेखांपर्यंत ज्या माणसांनी मराठीत लिहिलं-गायलं, त्यांनी ही भाषा कुणाकडून उसनी आणली होती का?

मंजुळेचा प्रश्न नेमका हाच आहे. नवी भाषा शिकवलीत, ठीक. पण ती शिकण्याआधी मी माणूस नव्हते का? शॉच्या नाटकात फुलवालीला शेवटी कळतं, की बाई आणि फुलवाली यांतला फरक बोलण्यात नसतो, लोक तिला कसं वागवतात त्यात असतो. हे कळणं भक्तीताईंनी मराठी प्रेक्षकांच्या कानापर्यंत पोचवलं.

आणि आता दुसरी बाजू. १९८३ साली कुंदन शहा यांचा ‘जाने भी दो यारो’ हा हिंदी चित्रपट आला. भक्तीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यात, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी हे दोन भोळे फोटोग्राफर, आणि ‘खबरदार’ची संपादिका शोभा सेन म्हणजे भक्ती बर्वे. ही बाई बोलते किती सफाईदार! भ्रष्टाचार उघडा पाडू म्हणते, दोघांना धीर देते, पुरावे गोळा करायला लावते. आणि तेच पुरावे हातात ठेवून बिल्डरशी पैशाचा सौदा करते. आवाजाला कुठं ओरखडा नाही. मंजुळेची बोली ओबडधोबड, पण मन आरपार. शोभा सेनची भाषा घासूनपुसून लख्ख, पण आतला हिशेब वेगळा. आठ वर्षांच्या अंतरानं आलेल्या या दोन भूमिका शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट उमगते. शुद्ध उच्चार आणि शुद्ध मन यांचा काही संबंध नाही. ज्या अभिनेत्रीला हे कळलं होतं, तिलाच या दोघी साधल्या.

बाकीच्या कामांची यादी मोठी आहे. विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’मध्ये काम केलं. अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’मधली, घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई त्यांनी केली. नव्वदच्या दशकात चंद्रकांत कुलकर्णी यांनी बसवलेल्या ‘गांधी विरुद्ध गांधी’त त्या कस्तुरबा झाल्या. एकीकडे जगाला शब्दानं जिंकणारा नवरा, दुसरीकडे त्याच्याशी भांडून दूर जाणारा मुलगा हरिलाल, आणि मध्ये जिला फारसं लिहिता-वाचता येत नव्हतं अशी ही आई. मंजुळेला शब्द मिळवायचे होते, बाला शब्द गिळायचे होते. १९९०मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

त्यांचं लग्न अभिनेते शफी इनामदार यांच्याशी झालं होतं. शफीभाई कोकणातले, दापोलीकडचे. ‘अर्धसत्य’मधला त्यांचा पोलीस अधिकारी आणि दूरदर्शनवरची ‘ये जो है जिंदगी’ पुष्कळांना आठवत असेल. १९९६मध्ये ते गेले. जून २००० मध्ये पुलं गेले. त्यानंतर भक्तीताई ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम करत. वाईहून तो कार्यक्रम करून परतत असतानाच तो अपघात झाला. म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत मंजुळा त्यांच्या सोबत होती. पंचवीस वर्षं एक भूमिका अंगावर वागवणं सोपं नाही. लोक नटीला त्या एका कामात कोंडून टाकतात. त्यांनी मात्र त्या कोंडण्यातूनही लोकांशी बोलण्याची नवी जागा काढली.

आता जाता जाता आपल्या गावाची एक गोष्ट. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्‌घाटनाचं आमंत्रण आधी नयनतारा सहगल यांना होतं, ते मागे घेतलं गेलं आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. शेवटी उद्‌घाटन केलं ते वैशाली येडे यांनी. आपल्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. पण त्यांची आणखी एक ओळख आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. त्या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवांचं जगणं आहे आणि ते मांडणाऱ्या बायाही त्यातल्याच.

मला इथं मंजुळा आठवते. मंजुळेला आधी भाषा शिकवली गेली आणि मग चारचौघांत नेलं. ‘तेरवं’मधल्या बायांना कोणी आधी उच्चार दुरुस्त करून या म्हटलं नाही. त्या आपल्या बोलीसकट उभ्या राहिल्या, आणि सारस्वतांच्या मेळ्यात त्यांच्यातल्याच एकीला पहिला मान मिळाला. १९७५ ते २०१९ या काळात मराठी रंगभूमी एवढं अंतर चालून आली. भक्तीताईंनी एका फुलवालीच्या बोलीला जी इज्जत दिली, ती या वाटेवरचा एक मोठा मुक्काम आहे असं मी मानतो.

श्रोतेहो, आपल्या दत्त चौकात, बाजारात, बसस्टँडवर रोज किती तऱ्हेची मराठी कानावर पडते. गोरमाटी, कोलामी, गोंडी, उर्दू यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली मराठी. ती ऐकताना कधी हसू आलं, तर आपण कोणाला हसतोय तेवढं एकदा तपासून बघावं. भक्ती बर्वे यांच्या मंजुळेनं प्रेक्षकांचं हसू वळवलं होतं. आपलंही वळू शकतं.