थंडगार पाताळ

श्रोतेहो, विरारच्या पुढे वैतरणा स्थानक सुटले की गाडी नदीच्या पुलावर येते. पुराणातली वैतरणी मृतांना गाईचे शेपूट धरून ओलांडावी लागते. उत्तर युरोपातल्या नॉर्स कथांतही पाताळाच्या वाटेवर नदी आहे, ग्योल. तिच्यावरही पूल आहे. पलीकडे हेल नावाच्या देवीचे गारठलेले राज्य. आपल्या नरकात कढया उकळतात. त्यांच्याकडे हिवाळाच जीव घेई, म्हणून पाताळ थंड. कुराणातल्या जन्नतीत मात्र रणरणते ऊन नाही आणि ‘जमहरीर’, म्हणजे कडाक्याची थंडीही नाही.

तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवले, की रणात पडलेले वीर ओडिनच्या महालात जातात; आजाराने, म्हातारपणाने गेलेले हेलकडे. हे मनाला पटत नाही. महिनोन्महिने खाटेवर दुखणे सोसणाऱ्या आईचे धैर्य तलवारीपेक्षा कमी कसे?

बाल्डर हा लाडका देवही हेलकडे गेला. सारी सृष्टी रडली तर सोडीन, असे ती म्हणाली. सगळे रडले, एक राक्षसीण तेवढी रडली नाही. बाल्डर तिथेच राहिला.

रडून कुणी परतत नाही, श्रोतेहो. आजाऱ्याचा हात हातात घ्यायचा, तो पुलाच्या अलीकडे असतानाच.