सोळा केबीत संसार: कर्नलचा स्टॅक जपून वापरा

आजचा विषय तुमच्या खिशातच आहे. तुम्ही हे अँड्रॉइड फोनवर ऐकत असाल तर त्याच्या आत लिनक्स कर्नल चालतोय. आणि या कर्नलला काम करायला एक फारच छोटी जागा मिळते, ती म्हणजे स्टॅक.

स्टॅक म्हणजे पंगतीतली ताटांची चळत. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं की वर एक ताट चढतं. त्यात त्याचे लोकल व्हेरिएबल्स आणि परत कुठे जायचं तो पत्ता. काम संपलं की ताट उतरतं.

डेस्कटॉप लिनक्सवर साध्या प्रोग्रॅमच्या स्टॅकला सहसा ८ एमबीपर्यंत वाढायची मुभा असते. कर्नलमध्ये मात्र ६४ बिट इंटेल किंवा आर्म मशीनवर प्रत्येक थ्रेडला फक्त १६ केबी. म्हणजे ५१२ पट कमी! आणि तो वाढत नाही. इंटेलवर तर २०१४ पर्यंत ८ केबीच होता.

मग वाढवा की सरळ, असं वाटेल. पण ही मेमरी प्रत्येक थ्रेडला वेगळी लागते आणि स्वॅपमध्येही टाकता येत नाही. हजार थ्रेड असले की जवळपास १६ एमबी नुसते स्टॅकचे. फोनवर हे परवडत नाही.

आता समजा एखाद्याने कर्नलमध्ये फाइलचा पाथ ठेवायला लोकल अ‍ॅरे घेतला, ४०९६ बाइटचा. झालं, पाव स्टॅक एकट्याने खाल्ला. त्याचा कोड टेस्टिंगमध्ये नीट चालेलही. पण फाइल लिहिताना फाइलसिस्टिम, मग ब्लॉक लेयर, मग ड्रायव्हर अशी लांबलचक साखळी असते. त्यात मध्येच मेमरी कमी पडली तर जागा मोकळी करायचं कामही त्याच स्टॅकवर सुरू होऊ शकतं. चळत कोसळते ती शेवटच्या ताटाने, पण जागा खाल्लेली असते भलत्यानेच.

पूर्वी स्टॅक ओसंडला की शेजारची मेमरी गुपचूप बिघडायची. बग एकीकडे, क्रॅश दुसरीकडे. २०१६ मध्ये ४.९ व्हर्जनला इंटेलवर स्टॅकशेजारी राखण म्हणून रिकामं पान ठेवायची सोय आली. आता निदान तिथल्या तिथे कळतं. पण मशीनवरचं काम जातंच.

मग करायचं काय?

पहिलं, मोठे अ‍ॅरे आणि स्ट्रक्ट स्टॅकवर नकोत. केमॅलॉकने मेमरी घ्या, केफ्रीने परत करा. पण हे फुकट नाही. केमॅलॉक अपयशी ठरू शकतं, ते तपासावंच लागतं. आणि जिथे कोडला झोपायची परवानगी नाही, तिथे साधा जीएफपी-कर्नल फ्लॅग चालत नाही. स्टॅटिक व्हेरिएबलचा शॉर्टकट तर टाळाच. तो सगळ्या थ्रेडमध्ये एकच असतो, एकाचा डेटा दुसरा पुसतो.

दुसरं, स्ट्रक्ट आख्खा पाठवू नका, पॉइंटर पाठवा.

तिसरं, रिकर्शनऐवजी लूप. २०१५ मध्ये अल व्हिरो यांनी सिमलिंक उलगडायचा कोड असाच बदलला. आधी लिंकमध्ये लिंक आली की फंक्शन पुन्हा स्वतःलाच बोलवायचं.

चौथं, ज्या अ‍ॅरेची लांबी प्रोग्रॅम चालू असताना ठरते, तो नकोच. ती लांबी बाहेरून वाढवता आली तर हल्लेखोराला आयतं दार. २०१८ मध्ये कीस कुक आणि इतर अनेकांनी असे अ‍ॅरे शोधून शोधून काढले. त्या वर्षअखेरीस आलेल्या ४.२० पासून कर्नल त्यातून मोकळा झाला.

पाचवं, अंदाज करू नका, मोजा. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये फ्रेम-वॉर्न सेटिंग आहे. ६४ बिटवर एका फंक्शनची फ्रेम साधारण २०४८ बाइटच्या वर गेली की कंपायलर ओरडतो. ती मर्यादा वाढवून वॉर्निंग गप्प करू नका. कधी कधी फंक्शन छोटं दिसतं, पण कंपायलर चार फंक्शन्स त्यात इनलाइन करतो आणि फ्रेम फुगते. अशा वेळी क्वचित लागणारा भाग नोइनलाइन करून वेगळा ठेवा.

थोडक्यात, हा स्टॅक तुमच्या एकट्याचा नाही. तुमच्या आधी कोण येऊन गेलंय आणि नंतर कोण येणार, हे तुम्हाला दिसत नाही. म्हणून आपलं ताट छोटं ठेवायचं.

घरी करून बघा: तुमचा कुठलाही सी प्रोग्रॅम जीसीसीच्या स्टॅक-यूसेज पर्यायाने कंपाइल करा. प्रत्येक फंक्शन किती बाइट खातं त्याची यादी मिळेल. सगळ्यात वरचा आकडा किती आला, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!