बंद रेघेचें कोडें

मी झरीचा एक निवृत्त शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, पण कोडीं रचण्याचा नाद जुना. त्या नादापायीं हातून घडलेला एक अन्याय आधीं सांगतों.

शाळेच्या फरशीवर पांच ओळींत पांच-पांच ठिपके रांगोळीसारखे काढून मीं मुलांस म्हटलें, "शेजारचे ठिपके आडव्या-उभ्या रेघांनीं जोडा. प्रत्येक ठिपक्यावरून एकदांच जा आणि निघालां तेथेंच परत या." आठवडा गेला, कोणासही जमेना. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, हें होणारच नाहीं." आळशी ठरवून मीं त्याला बांकावर उभें केलें.

दुसऱ्या दिवशीं त्यानें कोपऱ्यापासून ठिपक्यांवर आळीपाळीनें चिंचोके व खडे मांडले. रेघ चिंचोक्यावरून निघाली कीं खड्यावर जाते, तेथून पुन्हा चिंचोक्यावर. तेव्हां ती मूळ जागीं परतण्यास दोहोंची संख्या सारखी हवी. येथें चिंचोके १३, खडे १२! मीं भर वर्गांत त्याची क्षमा मागितली.

बुद्धिबळांतला घोडाही असाच काळ्या घरावरून पांढऱ्यावर उडतो. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्टांनीं सतराव्या शतकांत 'भगवन्तभास्करा'च्या नीतिमयूखांत घोडा सर्व ६४ घरांतून फिरविण्याच्या रीती दिल्या; त्यांतील एक फेरी आरंभाच्या घराशीं जुळते. पट २५ घरांचा असता तर तें त्या पंडितासही साधलें नसतें.

मग मीं मधला ठिपका पुसला. उरले २४, बारा-बारा. उत्तर निघालें, पण एक नव्हे. नातीला घेऊन मोजलीं तीं दहा भरलीं! दहा उत्तरांच्या कोड्याला कोडें कोण म्हणेल? जपानांतील 'निकोली' नियतकालिकानें १९८९ सालीं छापलेल्या 'स्लिदरलिंक' कोड्यांत चौकटींतला अंक तिच्या किती बाजूंवरून रेघ जाते तें सांगतो. अंक असे निवडावयाचे कीं उत्तर एकच उरावें. सारी मेहनत तेथेंच असते.

मीं अंकांऐवजीं दोन रेघा आधीं आंखून देतों. पहिल्या ओळींतील चौथा ठिपका त्याच्या खालच्यास जोडा, आणि दुसऱ्या ओळींतील दुसरा तिसऱ्यास. आतां उत्तर एकच आहे. यांतील एक रेघ जरी गाळली, तरी तें एकपण जातें.

तो मुलगा आज संसारी गृहस्थ आहे. त्याला हें कोडें मीं टपालानें धाडलें आहे. या खेपेस तो काय दोष काढतो, याची वाट पाहतों आहे.