तलवार, नक्कल, नग १
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'तलवारी जमवणारा' अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला. बरोबरच आहे. शाळेत ज्याने कधी साधी मारामारी केली नाही, त्याच्या घरी आज अकरा तलवारी आहेत. त्याही सगळ्या खोट्या!

युरोपातल्या सोळाव्या शतकातल्या नक्षीदार तलवारींच्या या प्रतिकृती. त्या काळी तिकडे तलवार म्हणजे शस्त्रही आणि दागिनाही. हात जपायला मुठीभोवती लोखंडी कड्या, त्यांवर कोरलेली पानंफुलं. एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांना त्या दिवाणखान्यात हव्याशा झाल्या. अस्सल माल थोडा, गिऱ्हाईक फार. मग म्युनिकच्या अर्न्स्ट श्मिटसारख्यांनी हुबेहूब नकला घडवल्या. आता त्या नकलाच शंभरी ओलांडून गेल्यात.

सालेकशाच्या माणसाला हे वेड कुठून लागलं? नागपुरातून म्हणा. आपल्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावात ४७.१५ लाखांना घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचं पातं युरोपातलं, मूठ इकडची. अशा तलवारींबद्दल मी पूर्वीपासून वाचत आलो होतो. पण मला भिडला तो तिच्यावरचा देवनागरी लेख. रघूजींच्या नावापुढे, सेनासाहेबसुभा या किताबानंतर, सरळ 'फिरंग' असं लिहिलंय. पातं परदेशी आहे, हे कुणी लपवलं नाही.

लपवणारेही होतेच. आंद्रेआ फेरारा हा इटलीतला नामवंत कारागीर. त्याचं नाव जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कितीतरी पात्यांवर उमटवलेलं सापडतं.

असाच एक लपवणारा मलाही भेटला. चार वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने 'चारशे वर्षांची अस्सल' म्हणून एक तलवार माझ्या गळ्यात मारली. पंच्याऐंशी हजार मोजले. त्याच महिन्यात मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची होती. घरी आणून मुठीचा गोळा पुसताना तो हातात फिरला. आत चक्क मशीनवर कापलेले आटे! जुन्या तलवारीत पात्याचं शेपूट गोळ्यातून आरपार काढून वर ठोकून बसवलेलं असतं. मग भिंग लावलं. नक्षी छिन्नीने कोरलेली नव्हती. ओतीव होती, साच्याची शिवण दिसत होती. बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात एक ओळखीचे गृहस्थ नवीन हॉटेलसाठी तलवार शोधत आले. लाख रुपये द्यायला तयार. "जुनी आहे एवढं म्हणा, बस." फी भरून वर पंधरा हजार उरत होते.

त्या क्षणी मला आपल्या गॅदरिंगची वही आठवली. नाटकासाठी मी वहीच्या पुठ्ठ्याला बेगड चिकटवून तलवार केली होती. सामानाच्या यादीत मी ऐटीत लिहिलं, 'तलवार, नग १'. सरांनी लाल शाईने मध्ये एक शब्द घातला, 'पुठ्ठ्याची'. मी हिरमुसलो, तेव्हा म्हणाले, "अरे, चांगली झाली आहे. पण यादी खरी पाहिजे."

मी त्या गृहस्थांना सांगितलं, "नक्कल आहे." ते चहा पिऊन निघून गेले. फी आम्ही पतसंस्थेतून कर्ज काढून भरली. ते मागच्या दिवाळीत फिटलं.

तेव्हापासून माझ्याकडेही एक वही आहे. प्रत्येक तलवारीपुढे ती कुठली, केव्हाची आणि कशावरून, ते लिहितो. जिथे नक्कल, तिथे लाल शाई.

ती तलवार आज मी सोबत आणली आहे. धार नाही, घाबरू नका. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. इतिहासाच्या वर्गात ती राहील. खालची चिठ्ठी मीच लिहिली आहे. सर, एकदा तपासून घ्या.