कोणाच्या दारी जावे?



मोर्चा हा शब्द आपल्या भाषेत लढाईतून आला. किल्ल्यावर मारा करण्यासाठी तोफा मांडून जी जागा धरली जाई, तिला मोर्चा म्हणत. म्हणजे मोर्चा बांधावयाचा तर समोर किल्ला हवा, आणि तो कोठे आहे हे बांधणाऱ्यास ठाऊक हवे. महागाईविरुद्ध, मूठभरांच्या हाती साठलेल्या संपत्तीविरुद्ध आणि मोठ्या व्यापाऱ्यांच्या लोभाविरुद्ध आजवर अनेक मोर्चे निघाले. त्यांचा इतिहास वाचताना मला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की यांचा किल्ला कोठे होता?

पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या कुणब्यांना तो दिसला होता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगल उसळली आणि पाहता पाहता पुणे व नगर जिल्ह्यांतील गावांत पसरली. दुकाने लुटली गेली, आगीही लागल्या. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु ठिकठिकाणी जमावाची मागणी एकच असे: कर्जरोखे बाहेर काढा. कागद हाती आला की तो जाळावयाचा, आणि कागद मिळाला तर सावकाराच्या जिवाला सहसा धक्का लावावयाचा नाही. आपल्याला लुबाडणारी वस्तू नेमकी कोणती, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखले होते. १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला आणि रोख्यावरचा आकडा डोळे मिटून न मानता मूळ व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयांवर आले. (त्याच मे महिन्याच्या अखेरीस, २७ तारखेस, मालेगावाजवळच्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याघरचा मुलगा आमच्या बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. तो पुढे सयाजीराव महाराज झाला. तिकडे कुणबी रोखे जाळीत होते आणि इकडे कुणब्याच्या घरी राज्य येत होते. इतिहासाला असे योगायोग आवडतात.)

अहमदाबादच्या गिरणी कामगारांना १९१८ साली किल्ला दिसला तो एका आकड्याच्या रूपाने. प्लेगच्या साथीत कामगारांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून गिरण्यांनी बोनस दिला होता, तो साथ ओसरल्यावर बंद होऊ लागला. महागाई मात्र ओसरली नव्हती. कामगारांची मागणी पन्नास टक्के वाढीची होती, मालक वीस टक्क्यांवर अडून होते. गांधीजींनी हिशेब तपासून पस्तीस हा आकडा ठरविला आणि तो कामगारांकडून मान्य करून घेतला. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, तर कामगारांच्या बाजूला उभ्या राहिलेल्या अनसूयाबेन ह्या त्यांच्या सख्ख्या भगिनी! गांधीजींच्या उपवासानंतर तडजोड झाली तीही मोठी गमतीची होती: पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, दुसऱ्या दिवशी वीस, आणि पुढे लवादाचा निकाल लागेपर्यंत साडेसत्तावीस. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी अखेर पस्तीसच दिले.

आता मुंबईकडे वळू. १९७२ साल महाराष्ट्राच्या स्मरणातून जावयाचे नाही. खेड्यांत दुष्काळ, रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, आणि शहरांत तेल, साखर, वनस्पती तूप, रॉकेल यांसाठी रांगा. मुंबईत महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती उभी राहिली ती तेव्हा. समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर यांची पक्षाची वाट एक नव्हती. परंतु रिकाम्या डब्याला पक्ष नसतो. हजारो गृहिणी हाती लाटणे व थाळी घेऊन रस्त्यावर आल्या. ज्यांनी उभ्या आयुष्यात सभेचे तोंड पाहिले नव्हते अशा चाळींतल्या सुना व सासवा त्यात होत्या. पुरुषांनी प्रथम ह्या लाटणे-मोर्चाची थट्टा केली. पुढे मंत्र्यांनाच घेराव पडू लागले तेव्हा थट्टा थांबली.

ह्या बायकांचे मला कौतुक वाटते ते त्यांच्या धैर्याइतकेच त्यांच्या हिशेबाचे. रेशनच्या दुकानात साखर आली नाही तर ती कोठे अडली, घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात किती माल आहे, सणाच्या तोंडावर तेल एकाएकी नाहीसे होते ते कोणाच्या सोयीने, असे त्यांचे प्रश्न होते. ज्या हाताने रोजचे पीठ मोजले जाते तो हात अशा प्रश्नात चुकत नाही. भाव त्यामुळे खाली आले असे मात्र म्हणता येणार नाही. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी खनिज तेल महाग केले आणि १९७४ मध्ये देशातील महागाई वर्षाला पंचवीस टक्क्यांच्याही पुढे गेली. पण कोणत्या दारी जावयाचे हे त्या बायका विसरल्या नाहीत.

थाळीचा तो आवाज लवकरच गुजरातेत ऐकू आला. २० डिसेंबर १९७३ रोजी अहमदाबादच्या एल. डी. इंजिनीअरिंग कॉलेजातील विद्यार्थी संतापले ते वसतिगृहातील जेवणाचा खर्च वाढला म्हणून. मागणी एवढीशी, ताटातली. तिच्यामागे मात्र सिंगतेलाचा भाव होता. गुजराती घरात, आणि इथे राहून गुजराती चवीला सरावलेल्या आमच्या मराठी घरातही, सिंगतेलावाचून पान हलत नाही. दिवाळी असो की नाताळ, कढई चढली की डब्याचा तळ दिसू लागतो. सौराष्ट्रातील तेलाचे बडे व्यापारी व राज्यकर्ते यांचे साटेलोटे असल्याचा आरोप तेव्हा उघड सभांतून होत होता. १० जानेवारी १९७४ रोजी अहमदाबादेबरोबर आमचे बडोदेही बंद राहिले आणि त्या बंदला हिंसक वळण लागले. महिनाअखेर कितीतरी शहरांत संचारबंदी होती. नवनिर्माण आंदोलन म्हणतात ते हेच.

मुख्यमंत्री चिमणभाई पटेल हे बडोदे जिल्ह्यातलेच. आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. विद्यार्थ्यांनी पुढे आणलेल्या नेत्याला विद्यार्थ्यांनीच ९ फेब्रुवारी रोजी पायउतार केले. मार्चमध्ये मोरारजी देसाई उपोषणास बसले आणि विधानसभा विसर्जित झाली. एवढ्या अवधीत शंभराच्या आसपास माणसे प्राणास मुकली होती.

इतक्या मोठ्या विजयानंतर तेलाचे काय झाले? ते महागच राहिले. मेसच्या ताटापासून निघालेला मोर्चा वाटेत राजीनाम्याकडे वळला. राजीनामा मिळताच किल्ला सर झाला असे सर्वांना वाटले. पण गोदामाच्या कुलपाला कोणाचा हात लागला नव्हता. भाव कोणी चढविला, साठा कोणी केला, याची चौकशी मागण्याचे भान त्या जल्लोषात फारसे कोणाला उरले नाही. राज्यकर्त्याचे दार सर्वांच्या माहितीचे असते, त्यावर पहारेकरीही उभा असतो. नफेखोराच्या दारावर पाटीसुद्धा नसते. मी त्या आंदोलनाला निष्फळ म्हणत नाही. निवडून दिलेले सरकार जनतेच्या रेट्याने जाऊ शकते हे त्याने देशाला दाखविले. तरीही १९९० मध्ये तेच चिमणभाई मतपेटीच्या मार्गाने पुन्हा मुख्यमंत्री झाले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळील एका चौकात तरुणांनी तंबू ठोकले. आम्ही शंभरातले नव्व्याण्णव आहोत, ही त्यांची घोषणा जगभर गेली. ते किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी बसले होते. पण मागणी एक ठरविण्याचे त्यांनी जाणून टाळले. दोन महिन्यांत पोलिसांनी तंबू उठविले. घोषणा राहिली, पेढ्यांचे कामकाज चालू राहिले.

हे सारे आठवण्यास कारण तेलाचा डबाच आहे. गुजरातेत वर्षाचे तेल डब्याने भरण्याची रीत अजून पुष्कळ घरी आहे, आणि हा डबा पंधरा किलोचा असे लोक धरून चालतात. दुकानात मात्र पंधरा किलोच्या डब्याशेजारी पंधरा लिटरचाही डबा मांडलेला असतो. दुरून दोन्ही सारखेच. मी शाळेत गणित शिकवते. सातवीच्या मुलांना मी हेच उदाहरण घातले. एक लिटर सिंगतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम, तर पंधरा लिटरचे किती? उत्तर आले १३ किलो ६५० ग्रॅम. म्हणजे १ किलो ३५० ग्रॅम तेलाचा फरक, आणि तो डब्यावर छापलेल्या एका अक्षरात लपलेला. कायद्याने यात काही खोटे नाही, लिटर हा शब्द तेथे स्पष्ट छापलेला असतो. बिस्किटांच्या पुड्याचेही तसेच: किंमत तीच, वेष्टण तेच, वजन मात्र वर्षागणिक उतरते, आणि तेही प्रामाणिकपणे छापलेले असते.

सुप्याच्या कुणब्याला रोखा वाचता येत नव्हता. आपल्याला वाचता येते. त्या दिवशी घरी जाऊन डबा वाचून या असे मी मुलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी चाळीसपैकी अकरा मुलांच्या घरी लिटरचा डबा निघाला, आणि त्यांतल्या नऊ घरी तो किलोचा समजून घेतलेला होता. एका मुलीची आजी तर वही घेऊन दुकानदाराकडे हिशेब विचारावयास गेली. त्याने कंपनीकडे बोट दाखविले. कंपनीचा पत्ता डब्यावर बारीक अक्षरांत होता. आजींनी तो नातीकडून मोठ्या अक्षरांत वहीत उतरवून घेतला आहे.